एम.टेक.साठी विषय कोणता घेऊ: सोलर ट्रॅकर की प्लेटिंगची रिलायबिलिटी?

ध्रुवतारा
नमस्कार मंडळी. एम.टेक. इलेक्ट्रॉनिक्सचं दुसरं वर्ष सुरू आहे, कॉलेज सांगली जिल्ह्यात. डिझर्टेशनचा विषय महिनाअखेर द्यायचाय आणि दोन विषयांत अडकलेय. पहिला म्हणजे ड्युअल अ‍ॅक्सिस सोलर ट्रॅकर (सूर्यामागे पॅनल दोन दिशांनी फिरवणारी यंत्रणा), चार एलडीआर (उजेडाचे सेन्सर), दोन मोटर आणि वरती फझी लॉजिकचा कंट्रोलर. घरचे, मित्रमंडळी, सीनियर सगळे म्हणतात हाच घे, मॉडेल टेबलावर ठेवलं, टॉर्च फिरवला की पॅनल वळतं, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) खूश. दुसरा आमच्या एका मॅडमनी सुचवलाय: शिसं नसलेल्या टिन प्लेटिंगवर (कथिलाच्या मुलाम्यावर) उगवणारे व्हिस्कर, म्हणजे धातूचे बारीक तंतू, आणि प्लेटिंगमुळे होणारे कनेक्टरचे बिघाड. मॅडमनी मायक्रोस्कोपखाली एका जुन्या रिलेच्या पत्र्यावरचा व्हिस्कर दाखवला, केसापेक्षा कितीतरी बारीक, चकाकणारा, तेव्हापासून तोच डोक्यात आहे. पण मला नोकरी सोलरमध्येच करायचीय. म्हणून विचारतेय, ट्रॅकरमध्ये संशोधन करण्यासारखं अजून काय उरलंय? आणि प्लेटिंगवर काम केलं तर सोलरवाले दारात उभं करतील का?

हडपसरकर
टॉर्चवर वळणारं पॅनल दरवर्षी प्रत्येक कॉलेजात एक तरी असतंच. एक्स्टर्नलनाही आता टॉर्च कुठून मारायचा ते पाठ झालंय. प्लेटिंग घ्या.

अक्षांश१८
ताई, आधी थोडा हिशेब करू. पॅनल सूर्याच्या रोखापासून जितके अंश चुकतं त्याच्या कोसाइनइतकं थेट ऊन पदरात पडतं. २ अंश चुकलं तर तोटा ०.०६ टक्के. ५ अंश चुकलं तर ०.४ टक्के. १० अंश चुकलं तरी फक्त दीड टक्का. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तेव्हा पॅनल दर दहा मिनिटांनी अडीच अंश ढकललं तरी काम भागतं. आणि सूर्य कुठे असणार हे तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश दिले की गणितानं कळतंच, अमेरिकेच्या एनआरईएल या अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनं २००४ साली दिलेली पद्धत ०.०००३ अंशांपर्यंत अचूक आहे आणि कोणालाही वापरता येते. मग एलडीआर कशाला?

उलट एलडीआरनं घोळच होतो. ढगाळ हवेत तो ढगाच्या उजळ कडेमागे धावतो, खरं तर तेव्हा पॅनल आडवं ठेवलं तर सगळ्या आकाशाचा विखुरलेला उजेड जास्त मिळतो. आपल्याकडे पावसाळ्यात असेच दिवस जास्त. आणि सकाळी-संध्याकाळी एका रांगेची सावली मागच्या रांगेवर पडू नये म्हणून पॅनल मुद्दाम सूर्याकडे पूर्ण वळवतच नाहीत, त्याला बॅकट्रॅकिंग म्हणतात, ते बिचाऱ्या एलडीआरला कुठून कळणार. टेबलावर एकच पॅनल असतं, शेजारची रांग नसते, म्हणून प्रोजेक्टात हे कधी दिसतच नाही.

दुसरा अक्ष पण बघा. महाराष्ट्र साधारण १६ ते २२ अंश अक्षांशांत येतो. इथे उत्तर-दक्षिण आसावर फिरणारा सिंगल अ‍ॅक्सिस ट्रॅकर फिक्स पॅनलपेक्षा ढोबळमानानं १५ ते २० टक्के जास्त वीज देतो. दुसरा अक्ष लावल्यावर त्याच्यावर थोडेच टक्के वाढतात पण लोखंड, मोटर, फाउंडेशन सगळंच वाढतं. पॅनल इतकी स्वस्त झाल्यावर त्या पैशात चार पॅनल जास्त लावलेली परवडतात.

उन्हाळी
अक्षांशराव, हे सगळं साध्या पॅनलपुरतं ठीक आहे, पण ड्युअल अ‍ॅक्सिस सरसकट मोडीत काढू नका. आरशांना किंवा भिंगांना हा कोसाइनचा हिशेब लागू होत नाही. सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश, आणि आरसा एक अंश कलला की परावर्तित किरण दोन अंश सरकतो. शंभर मीटरवर टॉवर असेल तर किरण साडेतीन मीटर बाजूला गेला, म्हणजे टॉवरवरचा ऊन झेलणारा रिसीव्हर चुकलाच. तिथे दोन अक्षही लागतात आणि अचूकताही लागते.

अक्षांश१८
मान्य. पण ताईंच्या टेबलावर आरसा नाहीये, साधं पॅनल आहे. ट्रॅकरच करायचा असेल तर चढउताराच्या जमिनीवरचं बॅकट्रॅकिंग, बायफेशियल (दोन्ही बाजूंनी ऊन घेणाऱ्या) पॅनलला ढगाळ दिवशी कुठला कोन द्यायचा, वाऱ्यात पॅनल पेलणाऱ्या ट्यूबला पीळ बसून रांग डोलायला लागते ते कसं थांबवायचं, असे विषय आहेत. तिथे खरंच काम बाकी आहे.

कोलाबा_कट्टा
आरशांचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. सूर्यामागे आरसे फिरवण्याचा उद्योग मुंबईत १८७० च्या दशकातच झालाय. विल्यम अ‍ॅडम्स नावाचे इंग्रज गृहस्थ इथे हायकोर्टात नोकरीला होते, त्यांनी कुलाब्यात लाकडी चौकटीवर छोटे छोटे सपाट आरसे अर्धवर्तुळात बसवले, मध्ये बॉयलर ठेवला आणि सूर्य सरकेल तशी चौकट माणसानं रुळावरून ढकलायची. त्यावर अडीच हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. आज सोलर टॉवर म्हणतात त्याची कल्पना तीच. मुंबईत त्या काळी कोळसा बाहेरून यायचा आणि महाग पडायचा, म्हणून त्यांनी हे मनावर घेतलं होतं. कुलाब्याहून जाताना मला दर वेळी वाटतं, इथे एखादी पाटी तरी हवी होती.

उन्हाळी
वा, हे माहीत नव्हतं. ट्रॅकरही आला आणि आरशांवर चांदीचा मुलामा म्हणजे प्लेटिंगही. ध्रुवतारा ताई, तुमचे दोन्ही विषय एकाच अंगणात.

माळरान
मी सोलापूर भागातल्या एका प्लांटवर ओ अँड एम (देखभाल-दुरुस्ती) बघतो, प्लांटचं नाव नको. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे सिंगल अ‍ॅक्सिस ट्रॅकर आहेत, प्रत्येक रांगेला स्वतःची मोटर आणि कंट्रोलरची एक पेटी. अलार्म येतो 'रो अमुक, पोझिशन एरर'. जाऊन बघावं तर अल्गोरिदम चुकलेला कधीच नसतो हो. चुकलेलं काय असतं तर लिमिट स्विच, बॅटरी, पेटीत शिरलेल्या मुंग्या किंवा पाणी, आणि सगळ्यात डोक्याला ताप देणारं म्हणजे कनेक्टर. कंट्रोलर काढायचा, टेबलावर लावायचा, ठणठणीत चालतो. परत नेऊन लावायचा, चालतो. काही आठवड्यांनी तीच रांग परत अडकलेली. कंपनीला पाठवला की शेरा येतो 'नो फॉल्ट फाउंड'. मुलं सांगतात साहेब कनेक्टर काढून परत दाबला की चालू होतं, आणि खरंच होतं. का होतं ते मला कोणी सांगितलेलं नाही.

आणि एक गोष्ट कॉलेजात कोणी शिकवत नाही. ट्रॅकर वीज वाढवतो हे खरं, पण वादळ आलं की पॅनल सुरक्षित कोनात नेणं हेही त्याचंच काम. गारपीट आली तर पॅनल उभं करायचं म्हणजे गार तिरकी घसरते, काचेवर थेट बसत नाही. २०१९ मध्ये टेक्सासच्या मिडवे प्रकल्पात गारांनी पॅनलांचा चुराडा झाला, त्यानंतर गारपिटीच्या कोनाबद्दल सगळीकडेच गांभीर्यानं बोलायला लागले. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाडा-विदर्भात कोण विसरेल. म्हणजे ती एक रांग बरोबर त्या दहा मिनिटांत अडकली तर १५ टक्क्यांचा प्रश्न राहत नाही, अख्खी रांग जाते.

अक्षांश१८
माळरान, तुमच्या माहितीला आकडा जोडतो. रांग आडवी अडकली तर ट्रॅकिंगचा फायदा गेला, म्हणजे त्या रांगेचं उत्पादन साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्यानं घटलं. २ अंशांची चूक शून्यावर आणण्यासाठी एवढी फझी लॉजिकची मेहनत, त्यातून मिळणार ०.०६ टक्के. तेवढं तर अडीचशे-पावणेतीनशे रांगांपैकी एक रांग आडवी अडकली की निघून जातं. आणि रांग सकाळीच पूर्वेकडे ६० अंशांवर अडकली तर दुपारनंतर तिला थेट ऊन जवळपास मिळतच नाही.

मायक्रॉन
माळरान साहेब, काढून परत दाबला की चालू, टेबलावर फॉल्ट सापडत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तेच. हे जवळजवळ शंभर टक्के फ्रेटिंग करोजन आहे. मी कनेक्टरच्या टेस्टिंगमध्ये काम करतो, हे रोजचं आहे.

होतं काय, स्वस्त कनेक्टरच्या पिनांवर टिनचा मुलामा असतो. टिनवर हवेत लगेच पातळ कडक ऑक्साइड येतं. पिन आत घुसताना ते फुटतं, खालचं मऊ टिन टिनला भिडतं, कॉन्टॅक्ट उत्तम मिळतो. पण नंतर पिन जागच्या जागी १०-५० मायक्रॉन पुढेमागे सरकत राहिली तर दर फेरीला ताजं टिन उघडं पडतं, त्याचं ऑक्साइड होतं, ते फुटतं, त्याचा काळा चुरा बरोबर कॉन्टॅक्टच्या जागी साठतो आणि रेझिस्टन्स चढत जातो. कनेक्टर काढून दाबला की चुरा बाजूला होतो, नवी जागा भिडते, चालू. म्हणून कंपनीला फॉल्ट सापडत नाही, कारण पेटी काढतानाच कनेक्टर काढावा लागतो आणि पुरावा पुसला जातो.

सरकतं कशानं? मोटरचं कंपन, वारा, आणि मुख्य म्हणजे तापमान. नायलॉन अंशाला साधारण दशलक्षात ८० भाग फुगतं, तांबं १७. पेटीत रात्र आणि दुपार यात ४० अंशांचा फरक धरा आणि कनेक्टर २० मिमी लांब धरा, दोघांतला फरक ५० मायक्रॉनच्या आसपास जातो. रोज एक फेरी. २५ वर्षांच्या प्लांटमध्ये नऊ हजारांहून जास्त फेऱ्या होतात, आणि टिनचा कॉन्टॅक्ट काही वेळा शेकड्यातच खराब व्हायला लागतो.

उपाय माहीत आहेत: कॉन्टॅक्टचा दाब जास्त ठेवा, टिनला निदान १०० ग्रॅम तरी हवा, कॉन्टॅक्टसाठी बनवलेलं वंगण लावा, सिग्नलच्या पिनांना निकेलवर सोनं द्या. आणि एका बाजूला सोनं, दुसऱ्या बाजूला टिन अशी जोडी कधीच लावू नका, तिथे सोन्यावर टिनचा चुरा चिकटतो आणि सोन्याचे पैसे वाया जातात.

माळरान
धन्यवाद. इतकी वर्षं पुरावा आम्हीच आमच्या हातानं पुसत होतो म्हणजे. पुढच्या वेळी कनेक्टर न काढता वायरवरच मोजतो. काय मोजू?

मायक्रॉन
चार वायरची पद्धत, मिलिओहममध्ये. साधा मल्टिमीटर नको, त्याच्या प्रोबचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त भरतो. आणि मोजताना व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या आत ठेवा, जास्त दिलं तर ऑक्साइडचा थर विजेनंच फुटतो आणि रीडिंग खोटं चांगलं येतं.

नवसागर
भोसरीला आमचं प्लेटिंगचं छोटं युनिट आहे, वडिलांपासून. प्लेटिंगवर एवढी आपुलकीनं चर्चा चाललेली वाचून बरं वाटलं, एरवी आमची आठवण फक्त जॉब (प्लेटिंगला आलेला माल) रिजेक्ट झाल्यावर येते.

ध्रुवतारा, हा विषय घेतलात तर प्लेटिंगच्या टाकीपाशी उभं राहून बघा, पेपर वाचून निम्मंच कळेल. कस्टमर येतो, म्हणतो ८ मायक्रॉन टिन द्या आणि चकचकीत द्या. चकचकीत करायला बाथमध्ये ब्राइटनर घालावा लागतो, तो सेंद्रिय असतो, त्याचा कार्बन मुलाम्यात अडकतो, दाणा अगदी बारीक येतो आणि आत ताण राहतो. नेमकं तेच टिन व्हिस्करला जास्त पोषक. मॅट टिन दिसायला निस्तेज पण दाणा मोठा आणि ताण कमी. आता परचेसवाल्या माणसाला हे कोण समजावणार, त्याला चमक म्हणजे क्वालिटी वाटते. दुसरं, पितळेच्या जॉबवर निकेल न देता थेट टिन चढवलं तर पितळेतलं जस्त टिनमधून वर येतं, सोल्डर धरत नाही. निकेलचा थर मध्ये द्या म्हणून आम्ही सांगतो तर म्हणतात रेट वाढतो.

जाडीही सगळीकडे सारखी येत नाही हे लक्षात ठेवा. बॅरलमधल्या (फिरत्या पिंपातल्या) जॉबला कडेला जास्त, खाचेत कमी. ड्रॉइंगवर ८ लिहिलं आणि एक्सआरएफनं (क्ष-किरणांनी मुलामा तपासणाऱ्या यंत्रानं) एका जागी ८ आलं म्हणजे सगळीकडे ८ झालं असं नाही. आणि सॉल्ट स्प्रेवर फार विसंबू नका, ३५ अंशांत ५ टक्के मिठाचं पाणी फवारायचं, त्यातून प्लेटिंगमधली भोकं कळतात, पण सोलापूरच्या माळावर कनेक्टर किती वर्षं टिकेल ते त्यात कुठेच येत नाही.

स्वयंपाकघर
मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही पण एक शंका. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतो ती पण टिनचीच ना? मग तिला हे व्हिस्कर का येत नाहीत? आमच्याकडे अजून कल्हईची भांडी आहेत म्हणून विचारलं.

नवसागर
ताई, काय सुंदर प्रश्न विचारलात. हो, टिनचीच, म्हणजे कथिलाची. पण आम्ही विजेनं चढवतो आणि कल्हईवाला भांडं तापवून, नवसागर टाकून, वितळलेलं कथिल कापसानं फिरवतो. वितळून थिजलेल्या टिनमध्ये ब्राइटनर नाही, ताण फार कमी, म्हणून व्हिस्करचा धोका कितीतरी कमी. इलेक्ट्रॉनिक्समध्येही प्लेटिंगनंतर टिन वितळवून घेतात, ती पद्धत व्हिस्करवरचा एक उपायच मानतात. तुम्ही भांडी बिनधास्त वापरा, फक्त कल्हई करताना शुद्ध कथिल मागून घ्या, शिसं मिसळलेलं नको.

पैलतीर
कॅलिफोर्नियात उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते, आमच्याकडे नुसत्या शुद्ध टिनला मनाई असते, आलेला प्रत्येक पार्ट एक्सआरएफखाली जातो आणि निदान ३ टक्के शिसं आहे का ते बघतात.

थोडा इतिहास. १९४६ मध्ये कॅडमियमच्या मुलाम्यावर उगवलेल्या व्हिस्करनी रेडिओचे कपॅसिटर शॉर्ट केल्याचं प्रसिद्ध झालं. मग बेल लॅब्जमध्ये लक्षात आलं की टिन आणि जस्तही तसेच वागतात, आणि पुढे त्यांनीच शोधलं की टिनमध्ये थोडं शिसं घातलं की हा उपद्रव जवळपास थांबतो. त्यानंतर कित्येक वर्षं सगळ्यांनी टिन-शिसं वापरलं आणि विषय मागे पडला. १९ मे १९९८ ला गॅलेक्सी ४ उपग्रहाचा कंट्रोल प्रोसेसर गेला, अमेरिकेतले बहुतेक पेजर बंद पडले, डॉक्टरांचेसुद्धा, आणि कारण म्हणून टिन व्हिस्करचा शॉर्ट पुढे आला. १७ एप्रिल २००५ ला कनेटिकटमधल्या मिलस्टोन अणुवीज केंद्रात सुरक्षा यंत्रणेच्या कार्डवर व्हिस्करमुळे शॉर्ट झाला आणि रिअ‍ॅक्टर आपोआप बंद झाला. आणि १ जुलै २००६ पासून युरोपात आरओएचएसचा (इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवरच्या मर्यादेचा) नियम लागला, शिसं ०.१ टक्क्याच्या वर नको. शिसं काढणं आरोग्याच्या दृष्टीनं योग्यच होतं, पण त्याच्याबरोबर जुना प्रश्न परत आला.

कारण थोडक्यात: तांब्यावर टिन असेल तर दोघांच्या सीमेवर सहा अणू तांब्याचे, पाच टिनचे असं संयुग तयार होत राहतं, ते दाण्यांच्या फटींत शिरतं आणि टिनला आतून दाबतं. तो दाब मोकळा होताना पृष्ठभागातून टिनचा एकसंध स्फटिक बाहेर ढकलला जातो. जाडी काही मायक्रॉन, लांबी मिलिमीटरपर्यंत सहज, कधी त्याहून कितीतरी जास्त. मध्ये सव्वा-दीड मायक्रॉन निकेल दिलं किंवा प्लेटिंग झाल्यावर २४ तासांच्या आत १५० अंशांवर तासभर भाजलं तर धोका बराच उतरतो.

गणोबा
हे जरा जास्तच घाबरवणं चाललंय असं माझं प्रामाणिक मत. २००६ पासून जगभर शिशाशिवाय फोन, टीव्ही, गाड्या बनतायत, कुठे आभाळ कोसळलं? व्हिस्करमधून दहा-वीस मिलिअँपिअर गेले की तो वितळून तुटतो. वर कन्फॉर्मल कोटिंग (बोर्डवरचा संरक्षक थर) मारलं की झालं. एम.टेक.चं वर्ष यात घालवावं असं मला वाटत नाही, बाजारात मागणी एम्बेडेड आणि कंट्रोलची आहे.

पैलतीर
गणोबा, दहा-वीस मिलिअँपिअरला तुटतो हे बरोबर. पण सेन्सरच्या आणि लॉजिकच्या सर्किटमध्ये तेवढाही करंट नसतो, तिथे तो तुटत नाही, चुकीचा सिग्नल देत बसतो. निर्वात जागेत तर वितळलेल्या टिनच्या वाफेतून आर्क पेटतो, मग मोठा करंट वाहतो, म्हणून उपग्रहवाले इतके सावध. कोटिंग उपयोगी आहे पण पातळ थर व्हिस्कर भेदून जातो, जाडी पुरेशी लागते. आणि फोन दोन-चार वर्षांत बदलतो, ट्रॅकरचा कंट्रोलर २५ वर्षं माळावर उभा राहणार. आभाळ कोसळलं नाही कारण हजारो माणसांनी मॅट टिन, निकेल, भाजणं, कोटिंग हे सगळं मन लावून केलं. काम कोणी करत असतं म्हणून संकट दिसत नाही.

गणोबा
शेवटचं वाक्य पटलं. मागणीबद्दल मात्र माझं मत कायम आहे.

ऊसपट्टा
साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे, कोल्हापूर भाग. सांगलीच्या ताईंना जवळचा विषय देतो. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशमधून (सांडपाण्यातून) आणि बायोगॅसमधून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, नाकाला कळतोच. त्या हवेत चांदीचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट काळे पडतात, आणि इमर्शन सिल्व्हरच्या (ट्रॅकवर चांदीचा पातळ थर दिलेल्या) बोर्डवर सल्फाइड पसरत जाऊन दोन ट्रॅक जोडून टाकतं. याला क्रीप करोजन म्हणतात. कारखान्यांच्या आसपासच्या माळांवर आता सोलर उभे राहतायत, त्यांचे कंट्रोलर हीच हवा घेणार. हवा मोजायची पद्धत सोपी आहे, तांब्याच्या आणि चांदीच्या स्वच्छ पट्ट्या महिनाभर टांगायच्या आणि चढलेल्या थराची जाडी मोजायची. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर हवा सौम्य, असं आयएसए या ऑटोमेशन संस्थेचं मानक सांगतं. कंट्रोल रूमच्या दारात आणि आत अशा पट्ट्या टांगून बघा, दार उघडं ठेवणारे आपोआप दार लावायला लागतात.

सूर्यफूल
मध्येच विचारते, मग पॅनलच्या आतल्या पट्ट्यांना पण व्हिस्कर येतात का?

पैलतीर
सहसा नाही, कारण बहुतेक पॅनलमध्ये सेल जोडणाऱ्या तांब्याच्या रिबनवर अजून टिन-शिशाचाच मुलामा असतो. कायमस्वरूपी बसवायची पॅनल आरओएचएसमधून वगळलेली आहेत. त्यामुळे एकाच प्लांटमध्ये पॅनलात शिसं आहे आणि कंट्रोलरच्या पेटीत नाही. हेच शिसं पुढे पॅनल भंगारात गेल्यावर प्रश्न उभा करणार आहे, तो वेगळा धागा होईल.

मायक्रॉन
आणि प्लेटिंग थेट सेलवरही येतंय. सेलवरच्या बारीक रेघा चांदीच्या पेस्टनं छापतात, चांदी महाग, म्हणून तांबं प्लेट करायचे प्रयत्न. बीपी सोलरचे 'सॅटर्न' सेल ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या तंत्रावर बनायचे, लेझरनं खाच पाडायची आणि त्यात निकेल-तांबं प्लेट करायचं. निकेल अशासाठी की तांबं सिलिकॉनमध्ये शिरलं की सेलची वाट लागते. म्हणजे तिथेही प्रश्न तोच, तो पातळ निकेलचा थर २५ वर्षं तांबं अडवून धरेल का आणि मुलामा सुटणार तर नाही ना. सोलरवाले दारात उभं करतील का या प्रश्नाचं उत्तर यात आहे.

हडपसरकर
धाग्याला पण कनेक्टरसारखं मूळ जागी परत दाबा कोणीतरी. ताई विषय विचारत होत्या.

अक्षांश१८
माझं मत: दोन्ही जोडा. विषय 'सोलर ट्रॅकरच्या कंट्रोलरमधल्या टिन-प्लेटेड कनेक्टरचं फ्रेटिंग, आपल्या हवामानात'. ट्रॅकरही आला, प्लेटिंगही आलं. आयआयटी मुंबईच्या एनसीपीआरई या सौर संशोधन केंद्रानं २०१३ पासून देशभर फिरून पॅनलांच्या रिलायबिलिटीचे सर्व्हे केलेत, ते वाचा, पद्धत शिकायला उत्तम. ते पॅनलांचे आहेत. ट्रॅकरच्या पेटीत काय होतं त्याच्यावर तसं बारकाईनं बघायला भरपूर जागा आहे.

मायक्रॉन
मी पण हेच सुचवणार होतो, आणि वेळेचं गणितही यालाच धरून आहे. व्हिस्करची टेस्ट ५५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला ४००० तासांपर्यंत चालते, म्हणजे साडेपाच महिने नुसतं चेंबरकडे बघत बसायचं, मध्ये लोडशेडिंग झालं तर तेही गेलं. आणि व्हिस्कर उगवलाच नाही तर लिहिणार काय. फ्रेटिंगचा रिग (चाचणीचं यंत्र) मात्र स्टेपर मोटर, मायक्रोमीटर स्क्रू आणि फोर-वायर मीटरवर बनतो, हजारो फेऱ्या काही दिवसांत होतात, रेझिस्टन्सची वाढ डोळ्यांसमोर दिसते. तुमचं मोटर आणि कंट्रोलरचं शिक्षणही वापरात येतं. व्हिस्करचं एक प्रकरण बाजूला ठेवा, मॅडमचे जुने रिले आहेतच.

उन्हाळी
आणि मोटर कंट्रोल आला म्हणून गणोबा पण खूश.

गणोबा
खूश आहे. रिग बनवायला मदत लागली तर सांगा, फर्मवेअर मी बघतो.

ध्रुवतारा
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस नुसती वाचतच होते. मॅडमना धागा दाखवला, त्यांनी माळरान साहेबांचा 'नो फॉल्ट फाउंड' वाला भाग दोनदा वाचला आणि म्हणाल्या विषय मिळाला. तर फ्रेटिंगच घेतेय. चकचकीत टिन, मॅट टिन आणि निकेलवर सोनं अशा तीन प्रकारच्या पिना, वंगणासह आणि वंगणाशिवाय, सरकणं ५० मायक्रॉन. आता तीन अडचणी. एकाच मापाच्या पिनांवर तीन वेगळी प्लेटिंग कुठे करून मिळतील? प्लांटमधले खरे खराब झालेले कनेक्टर मिळतील का, तेही न उघडलेले? आणि ऊसपट्टा, तुमच्या पट्ट्या टांगायची पद्धत आमच्या कॉलेजच्या गच्चीवरही करून बघायचीय.

नवसागर
पिना घेऊन या, चकचकीत आणि मॅट दोन्ही बाथ आहेत, निकेलचाही थर देतो. सोनं आमच्याकडे होत नाही, ओळखीत एक जण करतात, त्यांच्याशी बोलतो. प्रत्येक लॉटबरोबर एक्सआरएफची जाडी दोन जागी मोजून लिहून देईन. मुलांना पण आणा, हल सेल (बाथ तपासायची छोटी टाकी) करून दाखवतो.

माळरान
पुढचा पोझिशन एरर आला की कनेक्टरला हात न लावता दोन्हीकडच्या वायर कापून, अख्खा जोड तसाच पिशवीत बंद करून ठेवतो, वर रांग नंबर आणि तारीख. परवानगीचं मॅनेजरशी बोलून घेतो. पत्ता व्यनि करा.

मायक्रॉन
पिशवीत ठेवायच्या आधी जोड टेपनं पक्का बांधा, प्रवासात हलला तर सगळं गेलं. आणि जागेवरच कापायच्या आधी एक रीडिंग घ्या, २० मिलिव्होल्टचं विसरू नका.

ऊसपट्टा
तांब्याच्या पट्ट्या मी देतो, कापून आणि साफ करून. गच्चीवर टांगताना पावसापासून आडोसा ठेवा आणि बोटं लावू नका, कडेला धरा.